आप्पा बसला तो कोपरा

गुऱ्हाळाचा धूर काठीसारखा सरळ वर चढत असतो, तोवर मी माणसात असतो. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरात माग खडखडत असतात, मी तुटलेली सुतं सांधत असतो, बायको विचारेल त्याला धड उत्तर देत असतो. मग सुगी अर्ध्यावर येते आणि एका दुपारी निपाणीहून आप्पांचा फोन येतो. नमस्कार नाही, बरं आहे का नाही. एवढंच म्हणतात, "कलला रं." धूर कलला, म्हणजे पश्चिमेचा वारा लागला. फोन ठेवायच्या आत माझ्या अंगात वारं शिरलेलं असतं आणि मागाचा धोटा कुठल्या बाजूला गेला हेही दिसेनासं होतं.

परवा तो फोन आला. यंदाही आप्पांनी एकच शब्द वापरला. पण तो ऐकला आणि मी मागापाशी नुसता उभा राहिलो. दोन सुग्यांपूर्वीचा एक कोपरा डोळ्यांपुढं आला. त्या कोपऱ्यातलं गवत हलत नव्हतं.

त्या गवताकडं येतो. आधी वाऱ्याबद्दल सांगू द्या, कारण वाऱ्याबद्दल मला खोटं बोलता येतं आणि त्या कोपऱ्याबद्दल येत नाही.

आमचं पठार तवंदीचा घाट चढून आलं की लागतं. कुठल्या हाताला ते सांगत नाही, गर्दी होईल. पठाराची पश्चिमेची कड एकदम तुटते आणि खाली तंबाखूची, उसाची, जोंधळ्याची वावरं पसरतात. कोकणाकडून आलेला दुपारचा वारा त्या कडेला धडकतो आणि जायला जागा नाही म्हणून वर चढतो. एका वर्षी हा वारा असा सुटला, की घाटाच्या चढाला लागलेला उसाचा ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्यांसकट इंजिन बंद करून वर आला. ड्रायव्हर उतरून मागून चालत होता. त्याच दिवशी माझ्या हातातली भाकरी उडाली, ती लोंढ्याला फलाटावर बसलेल्या एका माणसाच्या डब्यात पडली. त्यानं चटणी कुठाय म्हणून वर बघितलं. वारा पश्चिमेचा आणि लोंढा पार दक्षिणेला, असं कुणी म्हणेल. भाकरी मध्ये वळली असेल.

बायको पाहुण्यांना सांगून ठेवते, "ह्यांचं ऐकायचं आणि निम्मं टाकायचं. उरलं त्याचं परत निम्मं टाकायचं. लई वाढवून सांगत्यात." पण मागांच्या खडखडाटात जन्मलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि मोठ्यानं बोलायचं म्हणजे गोष्टही आवाजाच्या मापाची लागते.

तर त्या वाऱ्यावर आम्ही उडतो, आप्पांच्या हाताखाली. पॅराग्लायडिंग हा शब्द पठाराखालच्या वस्तीत कुणी उच्चारत नाही. आम्ही छत्रीवाले. कापडाचा लांबोडका पंख, त्याला सुतासारख्या बारीक दोऱ्या, दोऱ्यांच्या खाली झोपाळ्यासारखी बैठक. इंजिन नाही. पंखात वारा भरला की कडेवरून चार पावलं पळायचं, पाचवं पाऊल टाकायला जमीन नसते.

वर गेल्यावर पहिल्यांदा कळतं ते हे, की आवाज थांबला. माझ्या कानात जन्मापासून माग चालू आहेत, ते तिथं बंद पडतात. दोऱ्यांमधून वाऱ्याची बारीक शीळ तेवढी येते. मग वास येतात. सुगीला वासांचीच गर्दी. खळ्यावर वाळणाऱ्या तंबाखूचा तिखट वास. निपाणीत नवा माणूस शिंकतच शिरतो आणि जुना माणूस बाहेरगावी गेला की शिंक येत नाही म्हणून बेचैन होतो. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा गोड, जरा करपट वास. पाचट पेटवलं असेल तर त्याची काळी राख फुलपाखरासारखी वर येते आणि बाहीवर बसते. तिथं वर, खाली सगळं गाव वाटाण्याएवढं झालेलं असताना, एक राखेचं फुलपाखरू बाहीवर घेऊन मी तरंगलो आहे आणि मला काही बोलावंसं वाटलेलं नाही. हे मात्र निम्मं टाकू नका.

आमच्यात उडणाऱ्यांचा एक शब्द होता. नीट खाली आला तर 'उतरला'. आणि कुणी आपटला, झाडात गुरफटला, बांधावर घासटला, तर 'बसला'. 'पडला' म्हणायचं नाही. सुगीच्या पहिल्या उड्डाणाआधी नारळ वाढवायचा, आणि मग शिमग्यापर्यंत तो शब्द तोंडातून काढायचा नाही. हे कुणी ठरवलं ठाऊक नाही. बाभळीवर बसला, विहिरीच्या काठावर बसला, एक जण तर ऐन तंबाखूत बसला आणि नंतर आठवडाभर शिंकत होता. आमच्यातला बसवराज, संकेश्वरकडचा, त्याला आम्ही बसू म्हणतो. तो आपटला की "बसू बसला" म्हणून निम्मं पठार लोळायचं. बसू चिडून कन्नडमध्ये म्हणायचा, "कुतिल्लो, बिद्दे!" बसलो नाही रे, पडलो. कन्नडमधलं 'बिद्दे' आम्हाला चालायचं. वाऱ्याला कन्नड येत नसावं असा आमचा समज होता.

हसण्यासारखंच आहे. पण आपण सगळेच असं बोलतो. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझव म्हणत नाहीत. दारातून जाणारा माणूस 'येतो' म्हणतो. आमच्या आजोळी नंदगडला तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणायचे नाहीत, 'लांबडं' म्हणायचे. जे नको, त्याचं नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं, असं आपल्या जिभेला कुठंतरी वाटत असतं. घरातल्या घरात हे ठीक असतं, कारण लांबडं म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत असतं. बाहेरून पाहुणा आलेला असेल आणि त्याला कुणी म्हणालं, "तिकडं जपून, लांबडं पडलंय," तर तो दोरी समजून उचलायलाही जाईल. पाहुण्याचं काय करायचं, हे या शब्दांना माहीत नसतं.

सुजाता आमच्याकडं पाहुणी म्हणून आली. निपाणीची. बेळगावात एका कॉलेजात पूल आणि रस्ते कसे बांधायचे ते शिकवते. तिच्या आईनं जन्मभर वखारीत तंबाखू निवडली, आणि त्याच वखारीत आप्पा दिवाणजी होते. वखारीत खाली मान घालून बसणाऱ्या बायांपैकी एकीची मुलगी आपल्या हाताखाली उडायला शिकते, याचं आप्पांना काय वाटायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण तिचे पट्टे ते स्वतः तपासायचे. आमचे तपासताना एकदा ओढून बघायचे, तिचे दोनदा.

ती प्रश्न फार विचारायची. हा खड्डा कसला, ती तार जिवंत आहे का, वारा वाढला तर कुठं उतरायचं. खाली उतरायच्या शेताच्या पश्चिमेच्या बांधावर निलगिरीची दाट रांग आहे, आणि त्या रांगेच्या आडोशाला एक कोपरा. तिनं त्या कोपऱ्याकडं बोट दाखवून विचारलं, "तिथं उतरतात काय?"

"आप्पा बसलावता की तिथं," आमच्यातला कुणीतरी म्हणाला.

"बसलावता म्हंजे काय, टिटवीच्या अंड्यावर बसलावता," मी म्हणालो. "अंडी उबली. पिल्लं आज बी आप्पाला बघून आईऽ म्हणून पळत येत्यात."

सगळे हसले. आप्पाही हसले, जरा उशिरा. सुजाताही हसली. पाखरं फांदीवर येऊन टेकली की आपण म्हणतो, बसली. पाखरू कधी फांदीवर पडत नाही. तिनं तेच ऐकलं. आमचे आप्पा, आमच्यातले सगळ्यांत जुने, वारा सुटला असताना त्या कोपऱ्यात पाखरासारखे जाऊन बसले.

इथून पुढं मी हळू बोलणार आहे.

दुपार कलली होती. वारा सकाळपेक्षा वाढला होता. सुजाता वर होती, मी खाली शेतात होतो, आप्पा वर कडेला. आप्पांनी खाली येण्याची खूण केली, तिनं ती बघितली आणि ती खाली यायला लागली. मोकळ्या शेतात गवत वाऱ्यानं लोळत होतं. निलगिरीच्या आडोशाच्या कोपऱ्यात गवत हलत नव्हतं. ती कोपऱ्याकडं वळली. झाडांच्या शेंड्यांच्या जरा वर होती तेव्हा पंखाची उजवी बाजू मिटली, मग डावी. कापड रिकाम्या पोत्यासारखं झालं. ती पडली.

ओढ्यात मोठा दगड असला की पाणी त्याच्यावरून जातं आणि दगडाच्या पलीकडं घुसळतं, तसा वारा झाडांच्या रांगेवरून उडी मारतो आणि पलीकडं गरगरतो. खाली जमिनीवर मात्र शांत असतं. म्हणून गवत हलत नाही. त्या शांततेच्या वरच सगळी घुसळण असते.

मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. चेहरा मातीनं भरला होता. कॉलेजात ती पुस्तकातल्यासारखं बोलते, पण त्या वेळी तिच्या तोंडातून आईची बोली आली.

"अण्णा," ती म्हणाली, "आप्पा हितंच बसलंवतं म्हणालासा न्हवं?"

त्या प्रश्नात राग नव्हता. पत्ता चुकला का, असं विचारावं तसं तिनं विचारलं.

मांडीचं हाड मोडलं होतं आणि कमरेचा एक मणका दुखावला होता. पाय राहील की नाही, चालेल की नाही, हे पहिले काही दिवस डॉक्टर सांगायला तयार नव्हते. आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होतो. व्हरांड्यात बसलेली माणसं कारण शोधतात, आणि जे कारण सगळ्यांत कमी दुखेल ते त्यांना आधी सापडतं. नवीन होती, कुणीतरी म्हणालं. घाई केली. मोकळं रान सोडून कोपऱ्यात कशाला जायचं. एवढी शिकलेली, पर वारा काय पुस्तकात असतोय व्हय. एकानं तर, इथं बायकांनी यायलाच नको, असंही म्हणून टाकलं. मी त्याच्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. बसू उठून दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात सुजाताची आई आतून आली. बारीक बाई. हातांचा रंग तंबाखूचा तो कायमचाच. तिनं आम्हा कुणाकडं बघितलं नाही, सरळ आप्पांपुढं उभी राहिली.

"दिवाणजी, माझ्या पोरीचं काय चुकलं?"

आप्पा उठून उभे राहिले. "बरी हुईल आक्का," ते म्हणाले.

"त्ये डाक्टर सांगील. मी चुकलं काय त्ये इचारत्ये."

आप्पांच्या ओठांची हालचाल झाली. मला ती दिसली. शब्द आला नाही. आक्का थोडा वेळ थांबली आणि पदर सारखा करून आत गेली. वखारीतही दिवाणजींनी उत्तर दिलं नाही की बाया अशाच थांबून परत कामाला लागत असतील, असं माझ्या मनात आलं.

तेव्हा आम्हाला एवढं माहीत होतं, की त्याच्या आधीच्या सुगीत आप्पा त्या कोपऱ्यात बसले होते. कसे बसले ते माहीत नव्हतं. त्या दिवशी जवळ कुणी नव्हतं, कोपऱ्यात बसलो एवढंच ते नंतर म्हणाले. मग ते बरेच दिवस आले नाहीत, आले तेव्हा एका अंगावर जरा झुकून चालत होते, आणि आम्ही टिटवीची गोष्ट रचली. गोष्ट एवढी छान झाली की तिच्या खाली काय आहे हे बघायची कुणाला गरज वाटली नाही. गोष्टीचं हे असं असतं. मी जन्मभर ती विणतोय, मला माहीत आहे. चांगलं विणलेलं कापड अंगावर घेतलं की खालचं अंग दिसत नाही.

सुजाता घरी आली तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, पण पायात जान आहे असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही फळं घेऊन निपाणीला गेलो. मी, बसू आणि आप्पा. खिडकीपाशी पलंग, पायाला आधार, उशाशी कॉलेजातल्या पोरांचे तपासायचे पेपर. आक्का चहाला लागली. इकडचं तिकडचं झालं. बसू म्हणाला, वारा पुन्हा चांगला लागलाय. चिकोडीहून दोघं नवीन यायचेत येत्या रविवारी.

"त्यांना काय सांगणार?" सुजातानं विचारलं.

"काय म्हंजे?"

"कोपऱ्याचं."

रस्त्यावरून उसाची बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. मला शांतता सोसत नाही. मी खाकरलो आणि म्हणालो, "आप्पांचं मी सांगतो. त्याचं काय झालं..."

"अण्णा, तुम्ही नको," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलासा तर आप्पा घारीशी कुस्ती करून खाली आले असं हुईल."

बसू हसला. आप्पा जमिनीकडं बघत होते. मग ते खूप हळू म्हणाले,

"नान बिद्दे."

मी पडलो. कन्नडमध्ये. निपाणीत जन्मलेला, जन्मभर मराठीत हिशेब आणि मराठीत शिव्या घातलेला माणूस. या दोन भाषांच्या भांडणात आमच्या भागाची किती पिढ्यांची झोप गेली, किती पाट्या काळ्या झाल्या. आणि आप्पांना जे आपल्या भाषेत उच्चारता येईना, ते त्यांनी शेजाऱ्याच्या भाषेत ठेवलं, घरात जागा नसलेलं सामान शेजारी ठेवावं तसं. बसूनं झटकन वर बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात आक्का थांबली होती. वखारीत तिच्या शेजारी कन्नड बोलणाऱ्या बाया बसायच्या, तिला आमच्या आधी कळलं होतं.

"मराठीत सांगा आप्पा," सुजाता म्हणाली.

"तुला कळलं न्हाय व्हय?"

"मला कळलं. पर चिकोडीच्या पोरास्नी तुम्ही सांगणार हाईसा. तुमच्या तोंडातनं ते निघालं पायजे."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पडलो," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यात मी पडलो. वारा असाच वाढलावता. शेतात गवत लोळालतं, कोपऱ्यात हलत न्हवतं. मला वाटलं तिथं निवांत हाय. झाडाच्या शेंड्यावर आलो आणि उजवी बाजू मिटली. कमी उंचीवर मिटली म्हणून वाचलो. बरगड्या मोडल्या. घरात सांगितलं वखारीच्या जिन्यावरनं घसरलो. अजून घरात त्येच ठावं हाय."

"आमाला का सांगितला न्हाईसा?" बसूनं विचारलं.

"मी पडलो म्हणालो असतो तर तुम्ही माझ्या हाताखाली उडाय आला असतासा?" आप्पा थांबले. "आणि तुम्ही हसालतासा. बसला बसला म्हणून हसालतासा. मला बी वाटाय लागलं की मी बसलोच असंन."

आक्का चहाचे कप घेऊन आत आली आणि आप्पांपुढं उभी राहिली.

"म्हंजे माझ्या पोरीचं चुकलं न्हवतं."

"न्हाय आक्का. न्हवतं."

तिनं मान हलवली. वखारीत आठवड्याचं वजन बरोबर भरलं की हलवतात तेवढीच. मग कप त्यांच्या हातात दिला. "प्या आता," ती म्हणाली. "निवाय लागला."

मला तो चहा असंख्य वेळा आठवतो. त्यात ती काहीही मिसळू शकली असती. रडणं, शिव्या, जुन्या वखारीचा सगळा हिशेब. तिनं फक्त साखर घातली होती.

त्याच दुपारी सुजातानं आपला फोन आप्पांच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाली, आता जे सांगितलंत ते परत सांगा. आप्पांनी सांगितलं. मग तिनं आपलं सांगितलं, पलंगावर पडल्या पडल्याच. वारा कसा होता, गवत कुठं हलत होतं, पंखाची कुठली बाजू आधी मिटली, आणि आपल्याला 'बसला' या शब्दाचा काय अर्थ वाटला होता. दोन्ही आवाज तिनं घाटावरच्या आणि कोकणातल्या ओळखीच्या छत्रीवाल्यांना पाठवायचं ठरवलं. आमच्यातले काही जण बिथरले. पठाराची बदनामी होईल. जमिनीचा मालक उद्या येऊ नका म्हणेल. पोलीस येतील. बसू म्हणाला, "येऊ देत की. त्यांना बी सांगू, कोपऱ्यात जाऊ नका म्हणून."

उत्तरं यायला लागली, ती ऐकत आम्ही बऱ्याच संध्याकाळी काढल्या. कोकणाकडच्या एकानं सांगितलं, आमच्यात 'टेकला' म्हणतात. टेकलेल्यांपैकी एकाचा खांदा अजून वर जात नाही. दुसरीकडं कुणी 'ऊस चाखला' म्हणायचे. प्रत्येक डोंगराला आपापलं लांबडं होतं. काही माणसं बोलता बोलता थांबायची, फोन बंद करायची आणि पुन्हा करायची. आणि एक निरोप आला, तो मला पाठ आहे कारण त्यात पाठ करण्यासारखं काही नव्हतं. कुणी अनोळखी बाई होती. म्हणाली, "तुमचं ऐकलं होतं. काल आमच्याकडं वारा वाढला. शाळेच्या भिंतीआड गवत शांत होतं. मी तिकडं वळणार होते. वळले नाही. एवढंच सांगायचं होतं."

एवढंच. मी त्या बाईला कधी बघितलेलं नाही. ती कशी दिसत असेल, भिंत किती उंच असेल, ती घरी जाऊन काय जेवली असेल, हे सगळं रचायला मला अर्धं पानही पुरणार नाही. मी रचलं नाही. तिच्या त्या न घडलेल्या गोष्टीला माझ्या गोष्टीची गरज नाही.

तेव्हापासून पठारावर उडण्याआधी आम्ही बसतो. म्हणजे खरंच बसतो, जमिनीवर, मांडी घालून. त्या शब्दाला त्याचं काम परत मिळालं. ज्याचं काही चुकलं, बिघडलं, जो पडला, तो सांगतो. माझी पाळी आली तेव्हा माझे फार हाल झाले. मागच्या सुगीत मी बांधावर आपटलो होतो. सांगायला तोंड उघडलं, "त्या दिवशी असा वारा सुटलावता की म्हशीची शिंगं सरळ झाली..." तर सुजाता कुबडी टेकत पुढं आली. "शिंगं ऱ्हाऊ द्यात. गवत हलत होतं काय? उंची किती होती? हात कुठं होते?" माझ्या पुऱ्या दुपारची ऐट तीन वाक्यांत बसली. खाली बसताना वाटलं, माझे दोन माग कुणीतरी बंद केले. पण मग नवीन आलेला एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाला, माझे हात बी तसेच असत्यात ओ. तेव्हा जरा बरं वाटलं.

आपण पडलो हे सांगणं म्हणजे आपण लहान होणं, असं मला आयुष्यभर वाटत आलं. म्हणून मी सगळं मोठं करून सांगत आलो. आप्पांना तर त्यांच्या वयानं आणि मानानं ते जास्तच वाटलं असणार. आता त्यांनी उडणं थांबवलं आहे. घरातही सांगून टाकलं. त्यांच्या बायकोनं म्हणे एवढंच विचारलं, "मग जिन्याला मी उगंच शिव्या घातल्या व्हय?" ते आता खाली उतरायच्या शेतात बांबूला पांढरं फडकं बांधून उभे असतात. त्यांच्यासारखा वारा आमच्यात कुणाला कळत नाही, आणि आता ते तो काही न लपवता सांगतात.

परवा फोन आला, आणि मी मागापाशी का थांबलो ते आता सांगतो. डॉक्टरांनी सुजाताला परवानगी दिली होती. आप्पांच्या त्या एका शब्दात वारा होता, आणि ती पुन्हा उडणार हेही होतं.

काल मी खाली शेतात होतो. बसू वर तिच्याजवळ होता. एक नवीन मुलगी, हुक्केरीची, माझ्यापाशी उभी राहून शेताची माहिती घेत होती. तिनं निलगिरीच्या आडोशाकडं बोट केलं. त्या कोपऱ्याला आता नाव आहे. आमच्याकडं वावरांना नावं असतात, चिंचेचं, ओढ्याकाठचं, तसं ते कुणी न ठरवता पडलं.

"त्याला 'आप्पा पडला' म्हणतात," मी म्हणालो. "वारा असला की तिकडं जायचं नाही."

"कोण आप्पा?" तिनं विचारलं.

बांबू धरून उभ्या असलेल्या माणसानं मान वळवली नाही. नजर फडक्यावर होती.

"मीच की," आप्पा म्हणाले. "ये हिकडं. कसं पडलो ते सांगतो."

ते सांगत होते तेव्हा वरून कडेवरून एक पंख सुटला. पिवळा. आप्पांचा आवाज मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला. आक्का बांधावर बसून होती. ती पहिल्यांदाच आली होती आणि वर बघत नव्हती, ती आमच्या तोंडांकडं बघत होती. मीही तिच्याकडं बघितलं आणि वर बघितलं आणि पुन्हा तिच्याकडं. वारा वाढायला लागला. आप्पांनी फडकं उंच केलं. कोपऱ्यातलं गवत हलत नव्हतं. पंख शेतावर आला, कोपऱ्याच्या अंगानं जरा कलला, आणि माझ्या कानातले सगळे माग एकदम सुरू झाले. मग तो मोकळ्या रानाकडं वळला, जिथं गवत लोळत होतं.

संध्याकाळी घरी आलो. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"सुजाता कशी उतरली?"

"वाऱ्यासमोर आली. उभ्यानं उतरली. चार पावलं चालली, जरा लंगडत."

ती वाट बघत राहिली. निम्मं टाकायला काहीतरी यायचं होतं.

"आणि?"

"आणि काय न्हाय," मी म्हणालो. "काही वाढवलेलं न्हाय."